लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जाताना

पूर्वी बाळंतपण म्हटले की लेक माहेरी यायची. आता आईनेच बॅग भरून लेकीकडे जायचे दिवस आले आहेत. आमच्या पिंपळगाव बसवंतलाही त्याचे आता नवल राहिलेले नाही. बाजारात भेटणारी एखादी तरी विचारतेच, "काय, तुमचा अमेरिकेचा नंबर कधी?"

मागच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या वहिनी दुपारची कामे आटोपून आल्या. हातात पासपोर्ट आणि चेहऱ्यावर काळजी. लेक न्यू जर्सीत एडिसनजवळ राहते आणि मार्चमध्ये तिचे दिवस भरतात. इकडे नेमकी द्राक्षांची काढणी ऐन भरात, म्हणून यजमान बरोबर जाऊ शकत नाहीत. वहिनी म्हणाल्या, "अहो ताई, मी एकटी कशी जाऊ? इंग्रजी येत नाही. त्यात मला शुगर आणि बीपी. तिकडे जाऊन मीच आडवी झाले तर लेकीनं बाळाकडे बघायचं की माझ्याकडे? आणि नाही गेले तर जन्मभर मनाला लागून राहील."

मी स्वतः २०१९ साली धाकटीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला पाच महिने राहून आले. तेव्हा काही चुका केल्या, काही शिकले. वहिनींना जे सांगितले तेच आज तुमच्यापुढे मांडते. त्यांच्यासारख्या पुष्कळजणी असतील.

राज्य कसे आहे?

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी अफाट येते. पण न्यू जर्सी हे अमेरिकेतले अगदी लहान राज्य आहे, आपल्या नाशिक जिल्ह्याच्या साधारण दीडपट. शेजारीच न्यूयॉर्क शहर. या राज्याला तिकडे 'गार्डन स्टेट' म्हणजे बागांचे राज्य म्हणतात. टोमॅटो, ब्लूबेरी, क्रॅनबेरी तिथे चांगली पिकते. आपल्या द्राक्षवाल्यांना गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे, तिथल्या व्हाइनलँड गावात १८६९ साली वेल्श नावाच्या दंतवैद्याने द्राक्षाचा रस तापवून न आंबता टिकवायची युक्ती काढली. बाटलीतल्या द्राक्षरसाचा मोठा धंदा पुढे त्यातूनच उभा राहिला.

एडिसन आणि आयसेलिन या गावांतून जाणाऱ्या ओक ट्री रोडवर गेलात तर आपण परक्या देशात आहोत हे क्षणभर विसरायला होईल. किराणा, साड्या, मिठाई, सोनेचांदी, सगळी दुकाने आपल्या लोकांची. म्हणून वहिनींना मी पहिलेच सांगितले, "अर्धा किराणा बॅगेत कोंबू नका. डिंक, सुंठ, आळीव, बाजरीचं पीठ, सगळं तिथे मिळतं. आपण न्यायचं ते तिथे न मिळणारं."

कागदपत्रांची तयारी

पासपोर्टवरचे नाव आधी नीट वाचा. आपल्यात लग्नानंतर नाव बदलते आणि आधारवर एक, पासपोर्टवर दुसरे असा घोळ होतो. व्हिसाच्या अर्जात नाव अगदी पासपोर्टप्रमाणेच लिहायचे असते. आडनावाची जागा रिकामी असलेला पासपोर्ट असेल तर नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात आधी तो दुरुस्त करून घ्या. नाहीतर अमेरिकेच्या व्हिसावर तुमचे पहिले नाव आडनावाच्या जागी छापले जाते आणि पुढे प्रत्येक ठिकाणी खुलासा करावा लागतो.

पाहुणे म्हणून जायचा व्हिसा म्हणजे बी-२. त्याचा अर्ज, डीएस-१६०, संगणकावर भरतात. मुलाकडून किंवा भाच्याकडून भरून घेतलात तरी शेवटी एकेक ओळ वाचून दाखवायला सांगा, कारण खालची सही तुमची असते. फी आणि नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा शेजारणीने दोन वर्षांपूर्वी काय भरले यावर विसंबू नका. मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी फार दिवस लागतात. म्हणून लेकीने गोड बातमी दिली की पेढे वाटण्याबरोबरच अर्जाचेही बघा.

मुलाखत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत होते. सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्रीच मुंबईत मुक्कामाला जा. कसाऱ्याच्या घाटात गाडी अडकली म्हणून तारीख हुकायला नको. मोबाईल आणि पिशव्या आत नेऊ देत नाहीत. मुलाखत मराठीतून देता येते, तसे आधी सांगावे. भीती बाळगू नका, प्रश्न सरळ असतात. कुणाकडे जाता, कशासाठी, किती दिवस, खर्च कोण करणार, इकडे घरी कोण आहे?

वहिनींना कुणीतरी सल्ला दिला होता, "बाळंतपणाचं बोलू नका, फिरायला चालले म्हणा." असले सल्ले ऐकू नका. लेकीचे बाळंतपण आहे, तिच्याकडे राहायला चालले, अमुक तारखेला परत येणार, हे खरे आहे तेच सांगायचे. एक खोटे बोलले की ते झाकायला दुसरे बोलावे लागते, आणि तिथला अधिकारी रोज शेकडो माणसे पाहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षे राहता येते, असा पुष्कळजणींचा समज असतो. तसे मुळीच नाही. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. आत किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुधा सहा महिने देतात, पण धरून चालू नका. ही तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी लेकीला ती संगणकावरून काढून घ्यायला सांगा आणि कॅलेंडरवर लाल खूण करा. त्या तारखेनंतर राहिले तर व्हिसा रद्द होतो. सहा महिन्यांहून अधिक जादा राहून निघालेल्या माणसाला तीन वर्षे परत जाता येत नाही, आणि वर्षाहून अधिक राहिलेल्याला दहा वर्षे. नातवंडाच्या मोहात तारीख टळू देऊ नका. पुढच्या बारशालाही जायचे आहे ना?

आणखी एक. तिथे ओळखीच्या कुणाचे मूल सांभाळून किंवा डबे करून चार डॉलर मिळवावे असे काहीजणी सुचवतात. पाहुण्यांच्या व्हिसावर पैसे घेऊन कुठलेही काम करता येत नाही. स्पष्ट नाही म्हणा.

बॅगेत काय घ्यावे, काय नको

ताजी फळे, भाज्या, रोपे, मांस नेता येत नाही. आपल्या शिवारातली द्राक्षे नेऊन जावईबापूंना खिलवावीत असे फार वाटते, पण ती विमानतळावरच काढून घेतात. आंब्याचेही तेच. आता आपला आंबा २००७ पासून अमेरिकेत जातो, आणि त्यात आपल्या निफाड तालुक्यातल्या लासलगावच्या विकिरण केंद्राचा मोठा वाटा आहे. तिथे आंब्यावर किरणांची प्रक्रिया करून कोयीतली कीड पुढे वाढू नये अशी काळजी घेतात. पण ही परवानगी प्रक्रिया केलेल्या व्यापारी मालाला आहे, आपल्या पिशवीतल्या चार आंब्यांना नाही.

तांदूळ आणि हरभरेही नेऊ नका. धान्यातला खापरा भुंगेरा तिकडे जाऊ नये म्हणून प्रवाशांच्या सामानात त्यांना बंदी आहे. खवा, पेढे, पनीर असे दुधाचे पदार्थही टाळावेत.

विमानतळावर खाण्याच्या पदार्थांबद्दल विचारतात तेव्हा 'काही नाही' म्हणू नका. लाडू आहेत, मसाला आहे, लोणचे आहे, जे असेल ते सांगून टाका. सांगितले आणि चालणारे नसले तर फार तर ते काढून घेतात. लपवले आणि सापडले तर दंड होतो.

मसाला, मेतकूट, भाजणी, सुंठपूड अशी पुडी मोठ्या बॅगेत ठेवा. हातातल्या पिशवीत ३५० मिलिलिटरच्या डब्याहून जास्त पूड असेल तर अडवू शकतात. तेल, तूप, लोणचे असे पातळ पदार्थ हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरच्या वर चालत नाहीत.

आता खसखशीबद्दल. आपण डिंकाच्या लाडवात, अनारशात खसखस घालतोच. पण संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, आणि दुबई किंवा अबूधाबीमार्गे जाणारी विमाने पुष्कळ असतात. तिथे ती मादक पदार्थांच्या कायद्याखाली येते. नुसते विमान बदलायला उतरलात तरी नसती आफत ओढवू शकते. म्हणून खसखस नको, गरम मसाल्यातही नको, लाडवातही नको. लाडवात खारीक आणि खोबरे थोडे जास्त घाला, चवीला काही उणे पडत नाही.

मिक्सर, इस्त्री नेऊ नका. तिथे वीज ११०-१२० व्होल्टची, आपली उपकरणे चालत नाहीत. जाड कोटही इथे विकत घेऊ नका. न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही, तेव्हा तिथेच घ्यावा. फक्त विमानतळाबाहेर पडताना अंगावर घालायला एक स्वेटर, शाल आणि पायमोजे हाताशी असू द्या. मार्चमध्येही तिथे बर्फ पडू शकते.

मग न्यायचे काय? मऊ जुन्या सुती साड्यांची दुपटी, झबली, टोपडी, कुंची, आणि बाळंतिणीसाठी ढगळ सुती गाऊन. हे तिथे पैसे देऊनही असे मिळत नाही. मी माझ्या सासूबाईंच्या दोन नऊवारींची दुपटी नेली होती. लेक ती गालाला लावून कितीतरी वेळ बसली होती.

एकटीचा प्रवास

तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची सोय मागून घ्या. त्यात कमीपणा मानू नका. गुडघे धड असले तरी भाषेची अडचण असलेल्या बाईला तिचा फार उपयोग होतो. खुर्ची ढकलणारा माणूस तुम्हाला थेट तपासणीच्या खिडकीपर्यंत आणि पुढे सामानापर्यंत नेतो. विमान कंपनी यासाठी वेगळे पैसे घेत नाही.

एका जाड कागदावर इंग्रजीत लेकीचे नाव, पत्ता, फोन, परतीची तारीख आणि तुमचे आजार लिहून पासपोर्टसोबत ठेवा. बोलता आले नाही तर कागद पुढे करावा. अबूधाबीमार्गे गेलात तर अमेरिकेची तपासणी तिथेच उरकते, तेव्हा दोन विमानांत पुरेसा वेळ असलेले तिकीट घ्या. विमानात दर दोन तासांनी उठून चार पावले चाला, नाहीतर पाय सुजतात.

न्यू जर्सीची वेळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळे तासभर पुढे करतात. पहिले चार दिवस रात्री टक्क जाग आणि दुपारी डोळे मिटतात. ते सगळ्यांचेच होते. शुगरच्या गोळ्यांच्या वेळा मात्र निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

दुखणे लपवू नका

आता मी केलेली चूक सांगते. लेकीचे सिझेरियन होऊन आठवा दिवस होता. मला लघवीला जळजळ आणि कंबरेत कळा सुरू झाल्या. तिथल्या बिलांच्या गोष्टी ऐकलेल्या. मनात म्हटले, पाणी जास्त पिऊ, जाईल. दोन दिवस कुणाला बोलले नाही. तिसऱ्या रात्री हुडहुडी भरून ताप आला. जावईबापू गाडी काढताहेत, ओली बाळंतीण आठ-दहा दिवसांचे बाळ छातीशी धरून दारात उभी, आणि रात्रीचे दोन वाजलेले. मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे लागले. पहिल्याच दिवशी सांगितले असते तर साध्या दवाखान्यात गोळ्यांवर भागले असते. लेक रडत म्हणाली, "आई, तू मला त्रास नको म्हणून गप्प बसलीस, आणि बघ काय झालं." ते बोल अजून कानात आहेत.

विमा घेतला होता म्हणून बिलाचा बराचसा भार हलका झाला. म्हणून मैत्रिणींनो, विमा काढल्याशिवाय विमानात पाय ठेवू नका. घेताना चार गोष्टी विचारा. शुगर, बीपीसारखे जुने दुखणे अचानक उसळले तर खर्च मिळतो का? पहिली किती रक्कम आपण भरायची? प्रत्येक गोष्टीला ठरावीकच पैसे देतात की बिलाच्या प्रमाणात? आणि लेकीच्या गावाजवळची कोणती रुग्णालये तो विमा घेतात? सर्वात स्वस्त तो घ्यायचा, असे इथे करू नका. लुगड्याची खरेदी नव्हे ही.

तिथे मेडिकलच्या दुकानातून नुसती मागून अँटिबायोटिक मिळत नाही, चिठ्ठी लागते. म्हणून रोजच्या गोळ्या साधारण नव्वद दिवस पुरतील एवढ्या, मूळ पाकिटांतच आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. त्यावर कंपनीचे नाव नको, औषधाचे मूळ नाव हवे. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. जास्त राहणार असाल तर पुढचे काय करायचे ते आधी ठरवा.

लहान दुखण्याला 'अर्जंट केअर' नावाचे दवाखाने असतात, ते तातडीच्या विभागापेक्षा पुष्कळ स्वस्त. पण छातीत दुखले, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, श्वास लागला तर विचार करत बसायचे नाही, ९११ फिरवायचा. १९८६ च्या कायद्याप्रमाणे रुग्णालयांच्या तातडीच्या विभागाला, पैसे आहेत की नाहीत हे न पाहता, रोग्याला तपासावे लागते आणि जीव धोक्यात असेल तर आधी सावरावे लागते. बिल मागून येते. ते हप्त्याने देण्याबद्दल, कमी करण्याबद्दल बोलताही येते. आणि मोठ्या रुग्णालयांत फोनवरून दुभाषी फुकट मिळतो, तो मागून घ्या.

बाळ आणि बाळंतीण

साध्या बाळंतपणानंतर दोन दिवसांत आणि सिझेरियननंतर चार दिवसांत बाळंतिणीला बहुधा घरी सोडतात. बाळाला मांडीवर घेऊन गाडीत बसता येत नाही. त्याची वेगळी खुर्ची मागच्या सीटवर बांधलेली लागते.

तिथले डॉक्टर सांगतात की बाळाला वर्षभर पाठीवरच, वेगळ्या पाळण्यात, उशी आणि पांघरुणाशिवाय निजवावे. झोपेत श्वास कोंडू नये म्हणून ही काळजी. वहिनींनी लगेच विचारले, "मग माझी गोधडी?" गोधडी जरूर न्या. बाळ जागे असताना आपल्या समोर जमिनीवर पसरा, त्यावर मालीश करा, खेळवा. फक्त पाळण्यात नको.

वर्षाच्या आत मध चाटवू नये. काजळात शिसे असू शकते, म्हणून तेही नको. गुटी उगाळण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि शेगडीची धुरी तर मुळीच नको. तिथे प्रत्येक घरात धुराची घंटा असते. नुसत्या मिरचीच्या फोडणीनेही ती किंचाळते. फोडणी करताना वरचा पंखा लावायचा आणि खिडकी उघडायची.

लेकीने डॉक्टरांचे ऐकले म्हणून आपला अपमान झाला असे मानू नका. तिला आपल्याकडून हवे असते ते वेळेवर गरम जेवण, रात्री दोन तास बाळ धरणारे हात आणि 'होईल सगळं नीट' म्हणणारे माणूस. बाळंतिणीचे मन फार हळवे असते. ती पंधरा दिवसांनंतरही सारखी रडत असेल, बाळाकडे बघवत नसेल, तर दृष्ट काढून थांबू नका. जावईबापूंना सांगून तिच्या डॉक्टरांकडे न्या.

आणि आपले मन?

तिथे दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. ओसरीवर येऊन कुणी 'काय चाललंय' विचारत नाही. पहिला महिना बाळात जातो, पुढे घर खायला उठते. रोज अर्धा तास चाला, आपल्यासारख्या आयाबाया भेटतात. गावातले वाचनालय सगळ्यांना खुले असते, तिथे ऊबही असते आणि माणसेही. न्यू जर्सीत मराठी मंडळी पुष्कळ. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०२२ चे अधिवेशन तिथल्याच अटलांटिक सिटीत झाले. सणावाराला कुठे कार्यक्रम आहे याची लेकीकडून चौकशी ठेवा. आणि लिबर्टीचा पुतळा पाहायला जर्सी सिटीतूनच बोट निघते. निदान तेवढे तरी पाहून या.

वहिनी ऐकत होत्या. जाताना म्हणाल्या, "म्हणजे विमा आधी, आणि लाडू खसखशीशिवाय." दोन दिवसांनी त्यांचे यजमान भेटले. म्हणाले, "तिचं तिकीट काढलं फेब्रुवारीअखेरचं. काढणी काय, मी आणि धाकटा मिळून बघू. पण डब्याचं काय करायचं तेवढं सांगा!"

मी सांगितले, पंधरा दिवस आमच्याकडून येईल. पुढचे पंधरा दिवस आणखी कुणी तरी बघेल. गावात अजून एवढे आहे.

तुमच्यापैकी कुणी निघाली असाल तर सुखाने जा, आणि आजीबाई होऊन परत या. पुढच्या आठवड्यात भेटूच.